जावईबापूंनी दिलेला जबडा

जावयाला काय द्यावं हे आपल्याकडं ठरलेलं आहे. अधिक महिना आला की पुरणाचे धोंडे, नवे कपडे, चांदीचं निरांजन, तेहतीस अनारसे, ऐपत असली तर अंगठी. पण जावयानं सासऱ्याला काय द्यावं हे कुठल्याच पोथीत लिहून ठेवलेलं नाही. पुढं जो सगळा घोळ झाला त्याचं मूळ या राहून गेलेल्या ओळीत आहे, असं वसमतचे तातेराव सर आजही छातीवर हात ठेवून सांगतात.

झालं असं की लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावईबापू सोमेश्वर यांनी सासऱ्याला शार्क माशाचा जबडा दिला.

तोही काही साधासुधा नव्हे. घमेल्याच्या तोंडाएवढा, आ वासलेला, कडेनं दातांच्या रांगाच रांगा असलेला जबडा. स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, मऊ पंच्यात गुंडाळून त्यांनी तो रत्नागिरीहून दोन एसटी बदलत मांडीवर आणला होता. सोमेश्वर तिकडं मत्स्य महाविद्यालयात शिकवतात. शार्क हा त्यांचा विषय. तातेराव सर जन्माचे माळकरी, त्यातून तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवलेला माणूस. साधना बँकेत नोकरीला लागली, तिची बदली रत्नागिरीला झाली आणि तिनं तिकडंच लग्न ठरवलं, तेव्हा सर "तुझ्या मनासारखं होऊ दे" एवढंच बोलले, आणि लग्नात सबंध दिवस परीक्षेला पर्यवेक्षक असल्यासारखे उभे राहिले. नंतर गावात कुणी विचारलं, जावई काय करतात, तर सर म्हणायचे, "प्राध्यापक आहेत." कशाचे, असं कुणी पुढं विचारलंच तर, "सायन्सचे," म्हणून ते पावसापाण्याकडं वळायचे.

त्या दिवाळीत सोमेश्वर जवळजवळ तासभर त्या माशाबद्दल बोलत होते. सर "हो हो, बराबर" म्हणत होते आणि मनात शेतातल्या मोटरीचा विचार करत होते. साधनानं मोबाइलवर फोटो काढला. त्यात सरांनी तो जबडा दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरलाय आणि चेहरा काढा प्यायल्यासारखा केलाय.

लेक-जावई एसटीत बसले आणि चतुराबाईंनी निकाल दिला. "हे हाडूक माझ्या घरात न्हाई राहायचं. देवघर हाय आपल्यात."

सरांनाही तेच हवं होतं, पण ते बायकोनं म्हटल्यामुळं त्यांचा मोठेपणा शाबूत राहिला. जबडा मळ्यातल्या आखाड्यावर, म्हणजे अवजारं ठेवायच्या खोपीत गेला आणि तिथं फवारणीच्या पंपामागं एका खिळ्याला अडकून बसला. पाली, उंदीर, कबुतरं आणि हळदीची धूळ यांनी सहा-सात महिने त्याची यथासांग सेवा केली.

अधिक महिना लागला. सरांनी रीतीप्रमाणं धोंड्याचं आमंत्रण द्यायला फोन लावला. साधनाचा आवाज आधी गोड होता.

"येऊन राहिलो अण्णा, येत्या रविवारी. ते जबडं लावलंत ना समोरच्या खोलीत?"

"लावलं की," सर म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की गरजेपेक्षा जास्त बोलतो. "घड्याळाच्या बाजूला लावलं. येणारे-जाणारे पाहून राहिले. लई नावाजून राहिले."

साधनाच्या आवाजातला गोडवा गेला. मग म्हणाली, "अण्णा, त्यांनी तुमाला घरातली सगळ्यात आवडती वस्तू दिली. शिकत असताना पहिल्यांदा खोल समुद्रात गेले तेव्हाची हाय ती. तुमी त्यांच्याशी बोलत न्हाई, त्यांच्या कामाचं नाव घेत न्हाई, मला सगळं समजतं. ते काही म्हणत न्हाईत, पण मी म्हणते. ते जबडं भिंतीवर दिसलं न्हाई तर मी उंबरठ्यावरून परत फिरंन. मग धोंडे तुमीच खावा."

तातेराव सरांची लेक शब्दाची पक्की आहे. हा गुण तिला कुणाकडून आला हे चतुराबाई नेहमी सांगतात, आणि त्या स्वतःचं नाव घेत नाहीत. सरांनी फोन ठेवला, चपला घातल्या आणि मळा गाठला.

खिळ्यावरचा जबडा काढून त्यांनी उजेडात धरला. वर चिकट काळा थर, आत उंदराच्या लेंड्या, दातांच्या फटीत पालीची अंडी. वास असा की सरांनी नाकाला लावलेला रुमाल परत खिशात घातला नाही, फेकूनच दिला. शेजारच्या मळ्यातले मुंजाजी तेवढ्यात बांध ओलांडून आले. मुंजाजींकडं हळद शिजवायचा कुकर आहे, म्हणजे वाफेवर चालणाऱ्या मोठ्या लोखंडी टाक्या. तो ते हंगामभर गावोगाव भाड्यानं फिरवतात. त्यामुळं जगातली कुठलीही अडचण वाफ दिली की सुटते, असं त्यांचं ठाम मत आहे.

"सर, घासून काहून जीव घालवता? हाडूकच हाय ना? आखरीचा घाणा लावून राहिलो मी. द्या त्यात टाकून. एका वाफंत चकाचक."

सरांनी विचार केला. बोकडाचं हाड कितीही शिजवलं तरी हाड राहतं, हे माळकऱ्यालाही ऐकून माहीत असतं. तेव्हा माशाचंही तसंच असणार. हा विचार अगदी तर्कशुद्ध होता आणि त्यातला एकही शब्द शार्कला लागू नव्हता. जबडा हळकुंडांच्या मधोमध बसला, झाकण लागलं, वाफ सुटली. हळद शिजली की नाही हे पाहायला त्यात काडी टोचतात. मुंजाजींनी काडी टोचली, ती सरळ आत गेली, आणि ते समाधानानं म्हणाले, "झाली."

खरंच झाली होती. टाकी पालथी केली तेव्हा हळदीचा ढीग पडला, त्यातून पिवळी वाफ वर गेली, आणि जबडा कुठंच नव्हता. हळकुंडांना चिकटलेला खळीसारखा लिबलिबीत पदार्थ तेवढा होता, आणि जागोजाग पिवळेधमक दात.

"सर," मुंजाजी वाकून पाहत म्हणाले, "तुमच्या जावयानं तुमाला कच्चं हाडूक देलं."

आता माणसानं खरं सांगून मोकळं व्हावं. पण ज्याच्याशी आपण धड दोन शब्द बोललो नाही, त्याला पहिलाच फोन करून "तुमची आवडती वस्तू हळदीबरोबर शिजवली" हे कोणत्या तोंडानं सांगावं? सरांनी गोणपाट अंथरलं आणि एकेक दात वेचला. मुंजाजींनी मदत केली आणि त्या भरात दुसरा सल्ला दिला. दात पिवळे झालेत तर हळद पॉलिश करायच्या ढोलात घालून फिरवू, वरचा रंग निघून जाईल. सर त्या वेळी इतके खचले होते की त्यांनी मूठभर दात दिले. ढोल गरागरा फिरला. दात बाहेर आले ते अगदी गुळगुळीत, आणि पहिल्याइतकेच पिवळे.

घरी चतुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदरानं डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "मी घरात ठिवू नका म्हणलं होतं. शिजवा कुठं म्हणलं होतं?"

सरांचे जुने स्नेही खाजा मिया हळदीचे व्यापारी. त्यांचा मुलगा आतिफ दातांचा डॉक्टर आहे. बसस्टँडजवळ त्याचा दवाखाना आहे, आणि म्हाताऱ्यांच्या कवळ्या बसवण्यात आसपास त्याच्याइतका हात कुणाचा नाही. खाजा मियांनीच सुचवलं, "तातेराव, तकलीफ कशाची घेता? दात हायत तुमच्याकडं. मसूडे, म्हंजे हिरड्या, आतिफ करून देईल. कवळीच तर हाय."

आतिफनं दातांची पिशवी टेबलावर रिकामी केली, साधनानं काढलेला फोटो मोठा करून पाहिला आणि बराच वेळ गाल खाजवला. साचा करता येईल, तो म्हणाला. जबड्याचा आकार फोटोत बराबर दिसतो. दात बसवता येतील. पण फोटोत दात धूसर आहेत. कोणते वरचे, कोणते खालचे?

"सारखेच असतील की," सर म्हणाले.

"सर, तुमचे आहेत का सारखे? प्रत्येक जनावराचं वेगळं असतं. मासा कोणता ते सांगा, मी त्याच्या तोंडाचे फोटो काढून पाहतो. शार्क म्हणू नका, शार्कच्या शेकड्यानं जाती आहेत. आणि मी बसवले अन् तुमच्या जावयानं पाहिले तर एक दात इकडचा तिकडं झालेला त्यांना कळणार. त्यांचा रोजचाच धंदा आहे तो."

मासा कोणता, हे दिवाळीत सोमेश्वरांनी तासभर सांगितलं होतं. सरांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला तर मोटरीचं स्टार्टर तेवढं आठवलं.

जावयाला विचारता येत नव्हतं. लेकीला विचारलं असतं तर तिनं तिथंच ओळखलं असतं. माणूस सगळीकडून अडला की सरकारकडं जातो, तसे सर दुसऱ्या दिवशी एसटीनं जिल्ह्याच्या गावी गेले आणि माशांशी संबंध असलेल्या एका ऑफिसात शिरले. कोणत्या, ते आजही सांगत नाहीत. तिथं शंकरसिंग नावाचे एक अतिशय सज्जन गृहस्थ टेबलाशी बसले होते. त्यांनी सरांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग अर्ज दिला.

"मासा कोणत्या तलावातला हाय?"

"तलावातला न्हाई. अरबी समुद्रातला."

शंकरसिंगांनी लिहायला घेतलेला पेन वर उचलला. "तालुका कोणता येतो?"

तातेराव सरांनी तीस वर्षं फळ्यावर महासागर काढले होते. गल्फ स्ट्रीम कुठून निघतो आणि कुठं जातो हे त्यांनी झोपेत सांगितलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की समुद्राला तालुका नसतो.

"असं कसं सर. रकाना हाय ना," शंकरसिंग समजुतीच्या स्वरात म्हणाले. "बरं, मासा जिता हाय का मेलेला?"

"उकडलेला."

यावर शंकरसिंगांनी पेन खाली ठेवला. एकंदरीत हा मासा आपल्या हद्दीत बसत नाही असं त्यांनी दिलगिरीनं सांगितलं. त्यांनी आजवर समुद्रातला मासा पाहिला नव्हता, रोहू आणि कटल्यापलीकडं त्यांच्याकडं कधी काही आलंच नव्हतं, आणि हे त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं. मग सर रिकाम्या हातानं जाऊ नयेत म्हणून त्यांनी शेततळ्यातल्या मत्स्यपालनाचं एक माहितीपत्रक दिलं. सरांनी ते परतीच्या एसटीत शेवटपर्यंत वाचलं, कारण खिडकीबाहेर पाहायची त्यांना लाज वाटत होती.

आता उरला तो आतिफचा मोबाइल. दुपारी दवाखान्यात गर्दी नसली की दोघं शेजारी बसून शार्क पाहू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी मासा पकडला. माको नावाचा शार्क, खोल समुद्रातला, सगळ्यांत वेगानं पोहणारा. त्याचे दात लांब, सुळ्यासारखे आणि काठाला अगदी गुळगुळीत. हातात धरलेला दातही गुळगुळीत होता. सरांना इतका आनंद झाला की ते तसेच खाजा मियांच्या आडतीवर सांगायला गेले. माकोचे वरचे-खालचे दात दिसायला सारखेच, त्यामुळं बसवायची काही पंचाईत नाही. आतिफ साचा करायला घेणार तेवढ्यात सरांनी पिशवीतून आणखी एक दात काढला आणि त्यांचा अंगठा कापला.

रक्त आलं. सरांनी त्या दाताच्या काठावरून नख फिरवलं. काठाला करवतीसारखे बारीक दाते होते. मग पहिला दात गुळगुळीत कसा? दोन मिनिटांनी त्यांना मुंजाजींचा ढोल आठवला. ढोलात फिरलेला मूठभर माल माको झाला होता, बाकीची पिशवी दुसऱ्याच कुणाची होती.

सर त्या दिवशी घरी आले ते अंगठ्याला चिंधी बांधून. चहा घेतला नाही. चतुराबाई अनारशाचं पीठ मळत होत्या, त्यांनी विचारलंही नाही. रविवार जवळ आला होता आणि लेक उंबरठ्यावरून परत जाणार, हे सरांना आता डोळ्यांपुढं दिसत होतं. त्यांनी कोपऱ्यातलं सूप घेतलं, त्यात सगळे दात ओतले आणि ओसरीत मांडी घालून बसले. हळद निवडताना जाड गड्डा वेगळा काढतात आणि लांबट हळकुंड वेगळं. वसमत हळदीचं गाव, तिथल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, हात आपोआप चालतात. सरांचेही चालले. ढोलातले गुळगुळीत दात आधी बाजूला गेले. उरलेल्यांचे बघता बघता दोन ढीग झाले. एका ढिगात रुंद, तिकोनी, एका अंगाला कललेले आणि काठाला करवत असलेले दात. दुसऱ्यात बारीक, सरळ, जवळजवळ धार नसलेले.

"दोन जातीचे हायत," सर स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, "अगं, दोन जातीचे हायत."

चतुराबाईंनी पिठाच्या हातानं येऊन पाहिलं. "मग दोन मासे असतील. एका तोंडात दोन कसे?"

नेमका तोच प्रश्न सरांनी सकाळी आतिफला विचारला आणि आतिफची कळी खुलली. खालचे दात भक्ष्य टोचून धरायला, वरचे ते कापायला. एक काट्याचं काम करतो, एक सुरीचं. असं तोंड असलेल्या शार्कांचे फोटो त्यांनी एकामागून एक काढले. एकाचे वरचे दात सरळ उभे होते, ते गेले. एकाच्या दाताला बाजूनं खाच होती, ते गेले. दुपार उलटता उलटता वरचे दात कललेले, वाकडी करवत असलेले, खालचे बारीक असा एकच मासा उरला. निळा शार्क. लांबुडका, सडपातळ, पाठ गर्द निळी, पोट पांढरं, पंख लांबच लांब. किनाऱ्यापासून दूर उघड्या समुद्रात राहणारा.

खरं म्हणजे सरांचं काम इथं संपलं. आतिफनं साचा घातला, सरांनी आता घरी जायला हरकत नव्हती. पण सर उठेनात. त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला आणि वाचत सुटले.

शार्कच्या अंगात हाडच नसतं, सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या नाकाच्या शेंड्यात असते तसली. म्हणून तो वाफेत विरघळला. हे वाचून सरांनी कपाळावर हात मारला आणि आतिफकडं न बघता पुढं सरकले. दात जन्मभर पडतात आणि मागच्या रांगेतले पुढं येत राहतात. "याला माझी गरजच नाही," आतिफ म्हणाला, "हे जनावर आमच्या धंद्याच्या मुळावर उठलंय." निळ्या शार्कला श्वास घ्यायला सतत पोहत राहावं लागतं, थांबला की संपला. हे वाचून सरांनी चष्मा काढून पुसला, कारण निवृत्तीनंतर आपण नेमके कधी थांबलो हे त्यांना आठवून पाहावंसं वाटलं. मादी अंडी घालत नाही, पिल्लंच होतात, आणि ती चाळीस-पन्नास, कधी शंभराच्या वर. "शाळेत घालायची म्हणली तर तुकडी वाढवून मागावी लागंल," मुंजाजी म्हणाले. ते रोज निकाल ऐकायला येऊन बसत. आणि नर मादीला प्रेमानं चावतो, म्हणून मादीची कातडी नरापेक्षा दुपटी-तिपटीनं जाड असते. हे सरांनी घरी जेवताना सांगितलं. चतुराबाईंनी भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "लागतेच."

सरांना सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. या माशाच्या अंगावर खूण लावून सोडली की तो महासागर ओलांडून दुसऱ्या खंडाच्या किनाऱ्यावर सापडतो, प्रवाहांच्या सोबतीनं हजारो किलोमीटर जातो. हेच प्रवाह सरांनी तीस वर्षं खडूनं काढले, बाण दाखवले, मुलांकडून पाठ करून घेतले. त्या बाणातून कोण जातंय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. आणि ज्या माणसानं सगळं आयुष्य ते बघण्यात घालवलं, तो आपल्या घरी चालत आला, तासभर बोलला, आणि आपण त्याला "सायन्सचे" म्हणून सोडून दिलं. सरांना स्वतःची फार लाज वाटली. तालुक्याचा रकाना विचारणारे शंकरसिंग त्यांना आता आपल्यापेक्षा शहाणे वाटले. त्यांनी निदान माहीत नाही हे तरी कबूल केलं होतं.

शनिवारी कवळी तयार झाली. काम अप्रतिम होतं. फक्त आतिफकडं माणसांच्या कवळीला लागतं तसलंच साहित्य होतं, त्यामुळं निळ्या शार्कच्या हिरड्या नाजूक गुलाबी झाल्या होत्या. दात हळदीच्या रंगाचे होतेच. सागवानी फळीवर बसवून ते घड्याळाच्या बाजूला लावल्यावर खोलीत शिरणाऱ्याकडं कुणीतरी वयस्कर नातेवाईक तोंड भरून हसतोय असं वाटायचं.

"सुंदर," खाजा मिया म्हणाले, पण दुसऱ्यांदा तिकडं बघितलं नाही त्यांनी.

रविवारी लेक-जावई आले. खाजा मिया, मुंजाजी आणि आतिफ सहज आल्यासारखे आधीच बसले होते. चतुराबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. सोमेश्वर आत आले. साधना उंबरठ्यावरच थांबली. बॅग तिनं खाली ठेवली नव्हती आणि आतही आणली नव्हती, ती हातात धरूनच तिनं समोरच्या भिंतीकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं.

सोमेश्वर भिंतीजवळ गेले. मान तिरपी करून बघितलं. बोटानं एक हिरडी हळूच दाबली.

"दात जरा पिवळे झालेत," ते म्हणाले.

"तंबाखू खात असंल," मुंजाजी म्हणाले. आतिफनं त्यांच्या पायावर पाय दिला.

सोमेश्वर अजून बघतच होते. "अण्णा, हा कोणता, ते दिवाळीत मी सांगितलं होतं तुम्हाला."

सर पुढं येऊन भिंतीजवळ उभे राहिले. "सांगितलं होतं जावईबापू. पण मी ऐकलं न्हाई. माझं लक्ष नव्हतं." त्यांनी जबड्याकडं बोट केलं आणि वर्गात उभं राहायची त्यांची ती जुनी सवय अंगात आली. "हा निळा शार्क. हे वरचे पहा, रुंद, कललेले, काठाला करवत. खालचे बारीक. हे धरायचे, हे कापायचे. माको असता तर दोन्हीकडं सुळे असते, गुळगुळीत. त्याच्यात आमी एकदा फसलो. याच्या अंगात हाड न्हाई. पोहायचा थांबला तर मरतो. याची लेकरं जन्मली की त्याच घडीला आपल्या वाटेला लागतात, आईबाप त्यांना अडवीत न्हाईत." इथं त्यांनी साधनाकडं न बघता पुढं रेटलं. "आणि जातो कुठं कुठं. आपल्याला नकाशावर बोट फिरवायला वेळ लागतो, तितकं लांब जातो. हे सगळं मला या आठ दिवसांत समजलं. आधी समजलं असतं तर बरं झालं असतं."

सोमेश्वर वळले होते आणि सासऱ्याकडं बघत होते. "माझ्या घरी अजून कुणी मला तो मासा कोणता, ते विचारलं नाही," ते म्हणाले. "आई म्हणायची, दारात लावू नको, वास येतो."

इतका मऊ शब्द ऐकल्यावर सरांना राहवेना. खोटं आठवडाभर छातीवर बसलं होतं, ते त्यांनी सगळ्यांसमोर खाली ठेवलं. "हा तुमचा जबडा न्हाई जावईबापू. दात तुमचे. बाकी आतिफची कवळी. तुमचा जबडा आखाड्यावर टाकला होता मी. घाण झाला म्हणून हळदीच्या कुकरात घातला आन् तो विरघळला. भिंतीवर लावला होता म्हणून सांगितलं ते खोटं."

साधनाच्या हातातली बॅग तशीच होती. चतुराबाईंनी डोळे मिटले.

"कुकरात," सोमेश्वर म्हणाले. "हळदीबरोबर?"

"व्हय."

"किती वेळ?"

"हळद शिजेपर्यंत. काडी टोचून पाहिली होती," मुंजाजी प्रामाणिकपणानं म्हणाले.

सोमेश्वरांनी ओठ घट्ट दाबून धरले. मग त्यांना ते धरवेना आणि ते हसायला लागले, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मी पहिला जबडा उकडला तो आमच्या सरांचा होता," ते म्हणाले. "त्यांनी पंचवीस वर्षं जपलेला. मला फक्त धूळ पुसायला दिला होता. मी म्हटलं, गरम पाण्यात घालू, स्वच्छ होईल."

"मग?" तातेराव सरांनी विचारलं.

"मग काय. पातेलं तसंच ठेवलं आणि गावी पळून गेलो. पंधरा दिवस कॉलेजला फिरकलो नाही. सरांना तोंड दाखवायची छाती झाली नाही माझी." त्यांनी वर गुलाबी हिरड्यांकडं बघितलं. "तुम्ही निदान दात बसवलेत अण्णा. आणि बरोबर बसवलेत."

"हे तुमी मला कधीच सांगितलं न्हाई," साधना उंबरठ्यावरून म्हणाली.

"कुणालाच नाही सांगितलं."

साधनानं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा बापाकडं. दोघंही शाळेत उभे केलेल्या पोरांसारखे खाली मान घालून भिंतीजवळ उभे होते. तिनं उंबरठा ओलांडला आणि बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली.